पुस्तकांमागची चिमणी

आमच्या ग्रंथपाल बाईंचा आवाज फुटक्या नगाऱ्यासारखा. उन्हाळी सुट्टीत त्यांनी पोरांसाठी पक्ष्यांच्या पुस्तकांचं वाचन मांडलं, पण पोरं त्यांच्यापेक्षा मोठ्यानं ओरडायची. वाचनालयाच्या मोठ्या साहेबांनी बजावलं, "उद्या पुन्हा असा बाजार भरला, तर वाचन बंद!"

दुसऱ्या दिवशी खिडकीलगतच्या फळीवर, पुस्तकांमागं, चिमणी अंड्यांवर बसलेली दिसली. बाई पोरांना म्हणाल्या, "गलका केलात तर ती अंडी सोडून जाईल."

पोरं चिडीचूप वाचत बसली. तेवढ्यात साहेब गरजत आले, "काय हो बाई..."

"शूऽऽ!" सगळी पोरं एकदम वळली. "साहेब, चिमणी बसलीय!"

साहेबांनी गुपचूप बूट काढून हातात घेतले. "पिल्लं कधी उडणार?"

"सुट्टी संपल्यावर उडाली तर बरं," बाई जन्मात पहिल्यांदा कुजबुजल्या.