पुतळीआत्याचा जादा श्रावण

निम्म्या महाराष्ट्राचे गणपती आपण दिलेल्या नजरेने जगाकडे बघतात, असं जोहे गावची पुतळीआत्या सांगते, आणि त्यात फुशारकी थोडीच आहे. कमळाकरशेठच्या कारखान्यात अठरा वर्षं ती आखणी करते, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखाटते. बारीक ब्रश, रोखलेला श्वास आणि एक रेघ. तेवढ्यात कुणी शिंकलं तर आत्या त्याच्या सात पिढ्यांना शिंका यायला लावते.

या बाईला नाद एकच. खांब गावाच्या आत, डोंगराच्या पायथ्याला सुभेदारांची जुनी बाग आहे. तीन टप्पे, दगडी पाट, अकरा कारंजी. कारंजी एरवी कोरडी. डोंगरावरचं तळं भरलं की पंपाशिवाय उडतात, तीही श्रावणाच्या सुमारास.

आत्याने ही बाग मार्गशीर्षात शेवंतीने पिवळी झालेली पाहिली, शिमग्यात पांगाऱ्याने लाल झालेली पाहिली. चैत्रात सुरंगीचा वास डोक्यात घेऊन घरी आली आणि दोन दिवस नवऱ्याशीही गोड बोलली. वैशाखात बहाव्याखाली चक्क झोपली. पण श्रावणात? श्रावणात गणपती तिच्यापुढे रांग लावून आंधळे बसलेले. दर वर्षी ती एका दिवसाची सुट्टी मागायची आणि दर वर्षी कमळाकरशेठ हात जोडायचे.

"पुतळे, देवाला काय काळा चष्मा लावून पाठवू?"

बागेचे राखणदार मुसाभाई त्यावरून तिला डिवचायचे. "काय गो, परत उन्हाळ्यातच? निस्ती भांडी बघून जातीस. जेवान कधी?"

मग आलं दोन श्रावणांचं वर्ष. अधिक आधी, खरा नंतर, आणि गणपती थेट अर्धा सप्टेंबर सरल्यावर. आत्या भिंतीवरचं कॅलेंडरच काढून शेठपुढे गेली.

"शेठ, ह्ये बगा. दोन हायत. दुसरा गणपतीचा. पयला माजा."

कमळाकरशेठनी कॅलेंडर उलटसुलट करून पाहिलं. पळवाट सापडेना. "जा बाय. पर एकच दिवस."

आता अधिक महिना म्हणजे जावयांचा महिना. लेक मनस्वीचा नवरा जितेश नेमका त्याच दिवशी धोंड्याचं जेवण जेवायला यायचा होता. दुसऱ्या कुठल्याही सासूने बागेवर पाणी सोडलं असतं. आत्याने पुरणाचे धोंडे डब्यात भरले, जावयाला त्याच्याच मोटारसायकलवर बसवलं आणि स्वतः मागे बसली. "ताट तितंच वाढते. चला." एवढा मान आजवर कुठल्या जावयाला मिळाला असेल, याचा विचार करत जितेश खांबपर्यंत भिजत गेला.

बाग हिरवीगार, शेवाळ मखमलीसारखं, आणि कारंजी ठणठणीत कोरडी.

मुसाभाई तोंड पाडून बसले होते. तळं भरलेलं, पण पाणी खाली येत नव्हतं. इंजिनीयर बघून गेला होता. आतली जुनी नळी फुटलीय, सगळा पाट खणावा लागेल, असं त्याचं म्हणणं.

"पानी येतं कुटनं?" आत्याने विचारलं.

"त्या दगडी हत्तीच्या सोंडंतनं. तितनं कुंडात, मग सगळीकडं."

आत्याचा चेहरा रंगवण्याआधीच्या मूर्तीसारखा झाला. "सोंडंच्या टोकाला भोक व्हतं, त्यातनं?"

"त्यातनंच तर!"

"मला वाटलं, तुटलीय."

झालं होतं असं. हत्ती म्हणजे आत्याच्या लेखी गणपतीच, आणि सोंडेला भोक म्हणजे मूर्ती खंडित. कारखान्यात अशी मूर्ती दिसली की ती दुरुस्त केल्याशिवाय ती चहा पीत नाही. यंदा ते भोक नजरेत आलं, तशी वैशाखात तिने पिशवीतून प्लास्टर नेलं, त्यात पांढरं सिमेंट कालवून भोक बुजवलं, वर दगडाचा रंग दिला आणि शोभेला दोन सुरकुत्याही काढल्या. मुसाभाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू, आणि इंजिनीयरने हत्ती आधी पाहिलेलाच नव्हता. अठरा वर्षं वाट बघितलेलं पाणी बाईने आपल्याच हाताने अडवलं होतं.

मुसाभाई म्हणाले, "अगो बाय, हत्तीवर इलाज केलास व्हय? औषध जास्त झालं."

आत्याने पिशवीतली कोरणी काढली. पण हत्ती उंचावर, आणि वैशाखात ती ज्या शिडीवर चढली, ती इंजिनीयर घेऊन गेलेला. जितेश वाकून म्हणाला, "आई, माझ्या पाठीवर उभ्या राहा."

"नाय नाय! अधिकात जावयाला पाय? नरकात जाईन. तुमीच चढा."

जितेश चढला. आत्या खालून ओरडत राहिली, "हळू हो! टोचू नका, फिरवा! सोंड हाय ती, नळ नाय!"

प्लास्टरचं बूच सुटलं ते जितेशच्या कपाळावर, आणि मागून डोंगराचं सगळं पाणी. कुंड भरलं. पहिलं कारंजं खोकलं, दोन पानं थुंकलं आणि उठलं. मग दुसरं. मग खालच्या टप्प्यापर्यंत एकेक. शेवटचं जरा तिरकं उडालं, पण उडालं.

आत्या पाटात पाय सोडून बसली. निथळत्या जावयाच्या हातावर तिने धोंडा ठेवला, तोही त्याच्याकडे न बघता.

पाच वाजता मुसाभाईंनी बाग बंद केली, फाटकाला आतून कुलूप घातलं, आणि त्या दोघांना जरा सरकायला सांगून स्वतःही पाटात पाय सोडले.