जहाजवाले भाऊजी

शेजारचे जहाजवाले भाऊजी बोलताना समोरच्याकडे कधीच बघत नसत. गच्चीच्या कठड्यावर पतंग उडवणारं पोर, विहिरीच्या काठाशी वाकलेली बाई, बसच्या दारात लोंबकळणारा माणूस, असं कुणी दिसलं की त्यांची नजर तिथे चिकटायची. ते माणूस सुखरूप आत येईपर्यंत तुम्ही बोलत राहा, भाऊजी नुसतं "हं" म्हणत. मी तेव्हा वर्ध्याहून नुकतीच लग्न होऊन आले होते. मला वाटलं, माणूस भलताच शिष्ट आहे. यांना म्हटलं तर हे हसले. म्हणाले, "शिष्ट नाही, जहाजावरचा आहे."

आता नागपुरात जहाजवाला म्हणजे कमालच. समुद्र कोणत्याही बाजूला जा, दिवसभराच्या वर लांब. पण भाऊजी खरोखरच मुंबईहून आफ्रिकेला जाणाऱ्या प्रवासी जहाजावर वाढप्याचं काम करायचे. ती नोकरी सोडून परत आले आणि सीताबर्डीवर एका कापडाच्या दुकानात लागले. लग्न केलं नव्हतं. घरात ते आणि त्यांची आई, दोघंच.

जहाजावर काही संकट आलं तर आरडाओरडा करायचा नसतो, हे आम्हा बायकांना त्यांनीच सांगितलं. लाउडस्पीकरवर एकच शब्द बोलायचा. नोकरांना समजतं आणि प्रवासी निवांत जेवत राहतात. आग लागली तर ब्राव्हो, कुणाला भोवळ आली तर अल्फा. झालं, आमच्या गल्लीला चाळाच लागला. कुणाचं दूध उतू चाललं की भिंतीपलीकडून हाक यायची, "ब्राव्हो वं वहिनी, ब्राव्हो!" एकदा मी सहज विचारलं, "आणि माणूस पाण्यात पडला तर?" भाऊजी हळूच म्हणाले, "ऑस्कर." अर्धा चहा तसाच ठेवून आत निघून गेले. मला वाटलं, दुकानाची वेळ झाली असेल.

भाऊजींच्या आई मोठ्या बोलक्या होत्या. मला बघितलं की त्यांचं एकच चालू, "तुह्या वर्ध्याची एखादी पोरगी पाह्य वं बाई, आमच्या सुधाकरासाठी." सुधाकर धाकटा, तोही जहाजावरच, एवढं मला कळलं होतं. "आणि मोठ्या भाऊजींचं?" असं मी विचारलं की म्हणायच्या, "त्याचं होईन. धाकटा येऊ दे आधी." माझ्या मावसबहिणीचं स्थळ मी मनात धरलं आणि भाऊजींपाशी बोलले. ते म्हणाले, "पाहू." चेहरा असा झाला की मी पुन्हा विषय काढला नाही.

एका उन्हाळ्यात गल्लीतली चार घरं मिळून आम्ही कन्हानला नदीवर जेवायला गेलो. यांचा एक मित्र पोहायला उतरला आणि धारेला लागला. सगळे नुसते ओरडत सुटले. भाऊजी मात्र काठावर एक हात लांब करून, बोट रोखून खांबासारखे उभे. हे त्यांच्यावर खेकसले, "अहो, काही करा ना!" भाऊजी मानही न वळवता म्हणाले, "करून राहिलो न. मी नजर काढली तर तो गेला." त्या बोटाच्या रोखाने काठावरच्या ढिवर कोळ्यांनी आपला डोंगा पाण्यात घातला आणि मित्राला केसाला धरून वर ओढलं.

सगळे त्याच्याभोवती जमले, तेव्हा भाऊजी बाजूला जाऊन बसले होते. मी पाणी घेऊन गेले. त्यांनीच बोलायला सुरुवात केली.

"आमच्यात शिस्त असते, वहिनी. पडताना ज्यानं पाहिलं, त्यानं हात दाखवत उभं राहायचं. दुसरं काहीच नाही. जहाज वळायले लई वेळ लागते, अन् पाण्यात माणसाचं डोकं नारळाएवढं दिसते. संध्याकाळची वेळ होती. सुधाकर कठड्यावरून वाकून बादली रिकामी करून राहिला होता. तो पडला, मी पाहिलं. अन् मी त्याले फेकायले तरंगतं चाक काढायले धावलो. चाक फेकलं, तर साऱ्या लाटा सारख्याच." मग म्हणाले, "भाऊ होता म्हणून धावलो. परका असता तर हात दाखवत उभा राहिलो असतो."

अंधार पडेपर्यंत जहाज तिथेच घिरट्या घालत राहिलं आणि मग निघालं. नागपुरात परत आल्यावर भाऊजींनी आईला सगळं खरं सांगितलं. आई एवढंच म्हणाल्या, "बुडताना पाहिलं का तू त्याले? नाही न? मग येईन तो."

ज्याचा देह सापडत नाही, त्याची बारा वर्षं वाट बघतात आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करतात. बारा वर्षं झाली तेव्हा गुरुजींनी विषय काढला. आईंनी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. दर पितृपक्षात भाऊजी आशेने आईच्या तोंडाकडे बघत आणि दर वर्षी आई मान हलवत. "ती एकदा हो म्हणाली न, वहिनी," भाऊजी मला म्हणाले, "तर मी समजीन तिनं मले माफ केलं." दुसरं काही त्यांना आयुष्यात नकोच होतं.

आई शेवटच्या दुखण्यात पडल्या तेव्हा दुपारी मी त्यांच्याजवळ बसत असे. भाऊजी दुकानात असत. एकदा मला जवळ ओढून म्हणाल्या, "समुद्रातून कोणी येते का वं? मले का समजत नाही? पण मी हो म्हटलं असतं, तर भावाले मारलं असं समजून हा जीव देता. सुधाकर येईन म्हणत राहिली, म्हणून हा जगला. मी जिवंत हाओ तोवर नको सांगजो त्याले. मंग सांगजो."

आईंचं तेरावं झालं. पाहुणे गेल्यावर ओसरीवर भाऊजी एकटे बसले होते. मी आईंचा निरोप जसाच्या तसा सांगितला. सांगताना मला रडू आवरेना. त्या दिवशी पहिल्यांदा भाऊजी माझ्याकडे सरळ बघत होते.

म्हणाले, "मी तर समजत होतो, ती मले रोज शिक्षा करून राहिली. तिच्यासंग धड बोललोही नाही मी इतकी वर्षं."

मग आईंच्या रिकाम्या खाटेकडे वळून, लहान मुलाने विचारावं तसं त्यांनी विचारलं, "काहून नाही सांगितलं वं, माय?"