पहिल्या घाण्याचं दूध

लातूरहून यशवंतपूरची गाडी सुटली तेव्हा भाद्रपद संपत आला होता आणि रुळांच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं. बिदर येईपर्यंत खिडकीतून दुसरं काही दिसलं नाही. आमच्याकडे हे पीक सगळ्यांच्या रानात असतं आणि कुणाच्या ताटात नसतं. बाजारात जातं, तेल निघतं, पेंड कोंबड्यांच्या पोटात जाते. फार झालं तर आम्ही गव्हाच्या दळणात मूठभर टाकतो आणि पोळी जरा कडक झाली की खापर त्याच्यावर फोडतो. उदगीरला चढलेल्या बाईंनी विचारलं, "बंगळुरूला कोण असतं?"

"थोरली बहीण. आजारी आहे."

त्या माझ्याजवळ सरकल्या. डबा उघडून एक धपाटं माझ्या हातावर ठेवलं. मी ते खाल्लं.

सकाळी यशवंतपूरला उतरले तर आभाळ भरलेलं आणि अंगावर शाल घ्यावी असा गारवा. दाजी फलाटावर उभे होते. त्यांना पाहून मी चरकले. आजारी ताई होती आणि वाळले होते दाजी.

दाजी तिथल्या जुन्या मराठी घराण्यातले. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज तिकडे गेले ते तिथलेच झाले. त्यांच्या मराठीत इतकं कानडी मिसळलेलं असतं की लग्नात आमच्या वडिलांना निम्मं कळलं नव्हतं आणि त्यांनी नुसतीच मान डोलावली होती. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यांच्या वस्तीत दाजींचं एक छोटं शेड आहे. तिथे ते सोयाबीनचं दूध आणि सोयापनीर करत. गेली कितीतरी वर्षं त्यासाठी आमच्या रानातलं सोयाबीन मी दर खेपेला पोतं भरून नेत असे.

"सोयाबीन आणलं नाहीस ना?" त्यांचा पहिला प्रश्न.

"नाही. तुम्हीच बेडा (नको) म्हणालात ना फोनवर."

"सरी, सरी (बरं, बरं)." त्यांनी माझी पिशवी घेतली. आत नुसत्या साड्या आहेत की नाही ते त्यांनी हाताने चाचपून पाहिलं. मला रागच आला, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी तो गिळला.

रिक्षावाला कानडीत काहीतरी पुटपुटत गर्दीतून वाट काढत होता. मल्लेश्वरमच्या फुलबाजाराजवळ गाडी अडकली तेव्हा मागे वळून मला म्हणाला, "स्वल्प (जरा) थांबा अक्का, पाचच मिनिटं." बंगळुरूची पाच मिनिटं किती मोठी असतात ते मला ठाऊक होतं. दाजी शेवंतीच्या ढिगांकडे बघत होते. एरवी ह्याच रस्त्यावर ते मला सोयाबीनचे गुण ऐकवत आलेले. मांसाइतकी प्रथिनं, कोलेस्टेरॉल खाली, बायकांची हाडं मजबूत. पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही ते सोडत नसत. आम्ही बहिणी पदराआड हसायचो. त्या दिवशी ते घर येईपर्यंत रस्त्याकडेच बघत राहिले.

ताई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. डोक्याला सुती रुमाल. तिच्या छातीचा कर्करोग वर्षापूर्वी कळला, शस्त्रक्रिया झाली, आणि आता तो हाडांत उतरला होता. सलाइनमधून औषध चालू होतं, पण मागची खेप डॉक्टरांनी पुढे ढकलली होती. अंगात ताकद नाही, आधी वजन वाढवा, असं त्यांचं म्हणणं.

"आलीस सुमे?" ती म्हणाली. "बस. आता ऊट (जेवण) बघ आमचं."

जेवण म्हणजे गंजी. गंजी म्हणजे आपली तांदळाची पेज. दुपारी गंजी, रात्री गंजी, मध्ये मुगाचं पाणी. ताईला गाईम्हशीचं दूध कधीच पचलं नाही, घोटभर घेतलं तरी पोट धरून बसायची. डाळीने फुगते. अंडं तिने जन्मात तोंडाला लावलेलं नाही. तिला मानवत होतं ते एक सोयाबीन, आणि दाजींनी तेच घरातून हद्दपार केलं होतं. सोयावडीची पाकिटं गेली, पनीर गेलं, पिठातलं मिश्रण गेलं. फोडणीचं तेलसुद्धा बदललं. एवढ्यावर थांबले नाहीत, बोम्मसंद्र्याच्या शेडला कुलूप लावलं.

त्यांची मुलगी रेवती इंदिरानगरला नोकरी करते आणि तिथेच राहते. संध्याकाळी आली तेव्हा तिने मला स्वयंपाकघरात गाठलं. "मावशी, अप्पांनी कुठेतरी व्हिडिओ बघितला. सोयामध्ये इस्ट्रोजेन असतं, त्याने ब्रेस्ट कॅन्सर होतो म्हणे. तेव्हापासून ते कुणाचं ऐकत नाहीत. डॉक्टरांना विचारू म्हटलं तर तेही नको."

"का नको?"

"डॉक्टर म्हणाल्या, हो, त्यानेच झालं, तर?" ती म्हणाली आणि गॅस बंद केला.

ह्याचा अर्थ कळायला त्या शेडमधली एक रीत माहीत असावी लागते. ती मी जाणते. सोयाबीन रात्रभर भिजवायचं, सकाळी दळायचं, उकळायचं, फडक्यातून गाळायचं. त्या दिवसाच्या पहिल्या घाण्याचं दूध निघालं की एक पेला देवीच्या तसबिरीपुढे. दाजींच्या आईने घालून दिलेली रीत. आणि तो नैवेद्य दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही, घरच्या लक्ष्मीने घ्यायचा. थर्मासमध्ये भरून दाजी तो दुपारी घरी आणत आणि ताई उभ्याउभ्या पिऊन टाकायची. संसारभर रोज. आता दाजींच्या मनाने घेतलं होतं की आपण बायकोला रोज विष पाजलं, तेही देवाला दाखवून.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाजी औषधं आणायला गेले तेव्हा ताई म्हणाली, "सुमे, एक काम कर. ह्यांना पुन्हा शेडवर धाड. आणि मला माझं दूध मिळू दे."

"तुझं ऐकत नाहीत, माझं ऐकतील?"

"तू भांडखोर आहेस. दिवसभर समोर बसून माझ्या तोंडाकडे बघतात गं. मी खोकले की ह्यांचा जीव जातो. मला मरायलाही संकोच वाटायला लागलाय."

मी तिला नीट रागावले. मग मोरीत जाऊन रडले.

तिसऱ्या दिवशी दवाखान्याची पाळी होती, रेवतीही सोबत आली. बाहेरच्या बाकांवर निरनिराळ्या भाषांतली माणसं बसलेली, सगळ्यांच्या मांडीवर सारख्याच मोठ्या पाकिटांत एक्सरेचे फोटो. आत एक डॉक्टरीणबाई होत्या, वयाने माझ्या भाचीएवढ्या. माझ्याशी त्या हिंदीत बोलल्या. तपासणी झाली, वजन पुन्हा कमी भरलं. दाजी उठायला लागले तशी मी विचारलंच, "डॉक्टर, हिने सोयाबीन खाल्लं तर चालेल का?"

दाजी माझ्याकडे असे बघायला लागले की मी नजर टेबलावरून हलवली नाही.

"का नाही?" त्या म्हणाल्या. "बंद केलंय का? त्यात इस्ट्रोजेनसारखं दिसणारं द्रव्य असतं, म्हणून लोक घाबरतात. पण ते शरीरातल्या इस्ट्रोजेनसारखं वागत नाही. रोजच्या जेवणातल्या सोयाने हा आजार होतो किंवा वाढतो असं दिसलेलं नाही. दूध प्या, पनीर खा. ह्यांना प्रथिनं हवीच आहेत. पावडरी आणि गोळ्या मात्र नकोत. त्यांत तेच द्रव्य काढून दाट भरलेलं असतं आणि त्याची खात्री मी देणार नाही."

"मी थायरॉइडची गोळी घेते," मी म्हटलं. उगाच, खोलीतली शांतता मोडायला.

"मग गोळी आणि सोया ह्यांच्यात काही तासांचं अंतर ठेवा, नाहीतर गोळी नीट लागू पडत नाही. काहींना सोयाची ॲलर्जी असते, त्यांनी लांबच राहावं. बाकी हे अन्न आहे. औषध समजू नका आणि विषही समजू नका."

दाजींनी घसा खाकरला. "मग हिला का झालं?"

"ते सांगता येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बऱ्याचदा नाही सांगता येत. तुम्ही काही चुकीचं केलं नाहीत."

बाहेर आल्यावर रेवती ताईची चाकाची खुर्ची घेऊन पुढे गेली. मला वाटत होतं, दाजींच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. मी म्हटलंसुद्धा, "झालं ना समाधान?" ते भिंतीला टेकून उभे राहिले.

"सुमन, माझ्यामुळे झालं असतं तर बरं होतं," ते म्हणाले. "मी बंद केलं की थांबलं असतं. आता मी काय बंद करू?"

इतकी वर्षं टपाल कचेरीच्या खिडकीमागे बसून मी कुणाला कधी उत्तर दिल्याशिवाय सोडलं नाही. तिथे मात्र मी त्यांचा हात धरून नुसती उभी राहिले.

त्यानंतरच्या दिवशी रेवतीने रजा घेतली आणि मी दाजींना जवळजवळ ओढत बोम्मसंद्र्याला नेलं. मेट्रोने निघालो. आर. व्ही. रोडला उतरून पिवळ्या मार्गाची गाडी धरायची असते. दाजी ह्या शहरात जन्मले, तरी ते उतरायचं विसरले. मी त्यांच्या भरवशावर बसलेली, गाडी दोन स्टेशनं पुढे गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. परत फिरलो. पिवळ्या गाडीला चालक लागत नाही, हे मला पोचेपर्यंत कुणी सांगितलं नाही ते बरं केलं. खाली होसूर रोडवर लॉऱ्या एकमेकींच्या मागे अडकलेल्या, दोन्ही बाजूंना काचेच्या इमारती, मग पत्र्यांची शेडं. वरून भुरभुर पाऊस.

गल्लीत शिरलो तेव्हा शेजारच्या सुट्या भागांच्या कारखान्यातला एकजण दाजींना पाहून म्हणाला, "अण्णा, बंदरा?" (आलात का?) दाजींनी मान हलवली. शटर गंजलं होतं, आम्ही दोघांनी मिळून उचललं. आत आंबूस वास. भिजवायच्या टाक्या कोरड्या, दळणाच्या यंत्रावर प्लास्टिक, पनीर दाबायचे साचे एकावर एक रचलेले. कामाच्या दोन बायका केव्हाच दुसरीकडे लागल्या होत्या. तसबिरीवरचा हार काळा पडून खाली गळाला होता. कोपऱ्यात आमच्या रानातलं पोतं, मागच्या खेपेचं, तोंड शिवलेलं.

मला वाटलं आता हे खाली बसतील. ते बसले नाहीत. त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि टाकी घासायला घेतली. मी झाडू मारला. संध्याकाळपर्यंत टाक्या, साचे, यंत्र सगळं घासून झालं. निघताना त्यांनी पोतं उसवलं, दाणे पाखडले, धुतले आणि पाण्यात सोडले. दाणे सगळे बुडाले आहेत की नाही ते वाकून वाकून पाहिलं. मला त्यांची इतकी दया आली की मी बाहेर जाऊन पावसात उभी राहिले.

पुढच्या दिवशी ते पहाटेच एकटे गेले. घरात त्यांची खुर्ची रिकामी पाहून ताईने बराच वेळ तिच्याकडे बघितलं आणि मला म्हणाली, "जरा पाय पसरून बसते." दुपारी ते थर्मास घेऊन आले. देवीपुढे ठेवलं होतं का, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. पेला भरून तिच्या हातात दिला. ताई पेला संपेपर्यंत प्याली. पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "छान झालंय. घाई केली नाहीत उकळताना." दाजी रिकामा पेला घेऊन मोरीत गेले आणि तो धूत राहिले.

माझी गाडी त्याच दिवशी होती. ताईचा निरोप घ्यायला वाकले तेव्हा तिने मला जवळ ओढलं.

"मला कशाची चव लागत नाही, सुमे. औषधाने तोंड गेलंय. दूध काय नि पाणी काय."

"मग छान झालंय म्हणालीस ते?"

"ह्यांना सकाळी उठून कुठेतरी जायची सवय लागली पाहिजे. आतापासून लागली पाहिजे. नंतर कोण लावणार?"

मग ती मोठ्याने म्हणाली, "डबा घेतलास का? गाडीत काही चांगलं मिळत नाही."

यशवंतपूरपर्यंत दाजी आले. गाडी हलताना म्हणाले, "सरी, आता येतो. दाणे भिजत घालायचेत." मी खिडकीतून हात केला तेव्हा त्यांची पाठ वळली होती आणि ते जिन्याकडे भराभर चालले होते.

लातूरला परत आले त्याला आता बरेच दिवस झाले. सोयाबीन निघालं, खळी झाली, रानं मोकळी पडली. बंगळुरूला दवाखान्यात जाऊन आले म्हटल्यावर गल्लीतल्या बायका येतात आणि पहिलं विचारतात, सोयाबीन खावं की न खावं? मी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेवढं सांगते. हे अन्न आहे, विष नाही, ॲलर्जी असेल तर लांब राहा, गोळ्या-पावडरींच्या नादी लागू नका, थायरॉइडची गोळी घेत असाल तर अंतर ठेवा. त्या समाधानाने ऐकतात, चहा पितात आणि निघता निघता विचारतात, ताई कशी आहे.

तिचं वजन वाढलं नाही. औषधाची पुढची खेपही डॉक्टरांनी देऊ केली नाही, आता देणार नाहीत. दाजी पहाटे उठून शेडवर जातात.