खोक्यातली ग्रीन कार्डं

आज सकाळी फिरायला निघालो, तर बायकोने माझ्या खिशात पासपोर्ट सरकवला. "असू दे जवळ," एवढंच म्हणाली. त्याच्या पुठ्ठ्याचा वास आला आणि मला वीस वर्षांपूर्वीचं ते कोर्ट आठवलं, जिथे मी अमेरिकन नागरिक झालो.

दारातच एका बाईने आमची ग्रीन कार्डं मागून घेतली आणि खोक्यात टाकली. नागरिकत्वाच्या शपथेला अजून तासभर होता. तेवढा वेळ हात अगदी रिकामे वाटले.

शेजारी जोशीकाका बसले होते. तेही शपथेलाच आलेले, रिटायर्ड इंजिनियर, इतिहासाचं वेड असलेले. समोरच्या उंच दगडी खांबांकडे बघत हळूच म्हणाले, "हे सगळं रोमचं रे. खांब, कायदा, सिटिझनशिपसुद्धा. तिथे 'मी रोमन नागरिक आहे' म्हटलं की शिपायाचा चाबूक थांबायचा."

"आणि नाही थांबला तर?" मी गमतीत विचारलं.

"एकाचा नाही थांबला. तो मरेपर्यंत तेच ओरडत होता."

तेव्हा मी हसलो होतो.

आज कोपऱ्यावर काळ्या काचांची गाडी उभी दिसली, हल्ली रस्त्यात अडवून कागद मागणाऱ्या इमिग्रेशनवाल्यांची असते तशी. मी खिसा चाचपला आणि काकांचं ते वाक्य, 'रोमन'च्या जागी 'अमेरिकन' घालून, मनातल्या मनात इंग्रजीत म्हणून पाहिलं. उच्चार चुकू नये म्हणून दोनदा.