नानांच्या दाढीचं सामान

आमच्या बेसिनशेजारच्या पांढऱ्या फरशीवर अजूनही काळ्या मार्करनं काढलेला एक रेझर आहे. नुसती कडेची रेघ. शेजारी ब्रशची, त्याखाली साबणाच्या वाटीची. मनीषानं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्यावर ॲसिडपासून नेलपॉलिश काढायच्या औषधापर्यंत सगळं घासून पाहिलं. फरशीची चकाकी गेली, रेझर गेला नाही. हा उद्योग माझ्या वडिलांचा, नानांचा. वाळूजच्या एका कारखान्याची टूलरूम सांभाळण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. तिथं भिंतीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली असे, म्हणजे कुठला पाना परत आला नाही ते एका नजरेत कळे. निवृत्त झाल्यावर त्यांच्या ताब्यात पाने उरले नाहीत. दाढीचं सामान तेवढं उरलं.

"सामान जागेवर असलं की हात जागेवर ऱ्हातो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी चष्मा शोधत असलो, मनीषा गाडीची किल्ली शोधत असली की ते हे अशा शांत आवाजात ऐकवत की शोधणाऱ्याचं डोकंच तापे.

भाजी आणायला औरंगपुऱ्यात गेले की मेथीच्या जुडीखाली हमखास काहीतरी प्लास्टिकचं निघे. कधी टूथब्रशचं स्टँड, कधी भोकाभोकांची साबणदाणी, कधी मसाल्याच्या डब्यातली एकटीच वाटी. "लई स्वस्तात भेटलं," असं म्हणत ते चहाही न घेता थेट बेसिनकडे जात. स्वस्त होतंच, त्यात वाद नव्हता. वाद जागेचा होता. घरात आम्ही चार माणसं आणि बेसिन एक. ब्रश उलटा टांगायला एक स्टँड, तो निथळायला खाली बशी, ब्लेडच्या पाकिटाला डबी, वापरलेल्या ब्लेडला दुसरी डबी, तुरटीला जाळीची तिसरी. माझ्या मुलीची कॉलेजची घाई, तिला दात घासायला जागा नाही. ती आपला ब्रश फ्रिजवर ठेवायला लागली आणि नानांना तेवढीच चूक दिसली. "फ्रिजवर ब्रश? ही काय जागा हाय?"

त्यातून त्यांना रबरी चकतीच्या हुकांचा शोध लागला. आमच्याकडे नळाला पाणी येतं ते देवाच्या मनात आलं की, बाकी दिवस टँकर. टँकरच्या पाण्याच्या क्षारांनी फरशीवर पांढरा थर धरलेला, त्यावर रबर काय चिकटणार? नाना फरशी लिंबानं घासत, चकतीला जीभ लावून ओली करत, तळहातानं दाबून धरत. मी पेपर उघडला की आत धाडकन आवाज. रेझर एकीकडे, हूक दुसरीकडे.

"पडलं ना शेवटी?" मी विचारायचो.

"पडलं नाय, निसटलं."

या दोन शब्दांत काय फरक आहे ते त्यांनी मला कधीच सांगितलं नाही. पण आपण कशाचा दोष कशावर ढकलायचा हे त्यांचं पक्कं ठरलेलं होतं, आणि तो दोष हाताकडे कधीच जात नसे.

पुढे तोच हात कापायला लागला. आधी कपातला चहा बशीत यायचा, मग सकाळी गालावर पेपरचे तुकडे चिकटवून नाना नाश्त्याला यायचे आणि प्रत्येक तुकड्याच्या मध्यभागी एक लाल ठिपका असायचा. डॉक्टरांनी कंपवात आहे म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या आणि ब्लेड बंद करा म्हणाले. मी त्याच दिवशी ट्रिमर आणला. नानांनी तो उलटसुलट करून पाहिला, त्याच्या मापाची एक झाकणाची डबी आणली, तो तिच्यात नीट बसवला आणि कपाटात वर ठेवून दिला. झालं. मी म्हणालो, कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये जात जा, मी बोलून ठेवतो. तर म्हणाले, "म्हंजे माझा हात कामातून गेला, आसं म्हणायचंय का तुला?"

मला तेच म्हणायचं होतं.

"हात ठीक हाय, संजू. सामान जागेवर नाय."

त्या रविवारी ते मला शहागंजला घेऊन गेले. भांड्यांच्या दुकानात त्यांनी टपरीवाले चहाचे ग्लास नेतात ती कडीची तारेची जाळी उतरवून घेतली, सहा खणांची. तिच्यात बसतील असे स्टीलचे पेले एकेक घालून पाहिले. दुकानदाराला कौतुक वाटलं. "होटल डाले क्या चाचा?"

"नई भई. दाढी का सामान रखना हे."

दुकानदारानं आपल्या मेंदी लावलेल्या दाढीवरून हात फिरवला, नानांच्या गालावरच्या जखमांकडे पाहिलं आणि पिशवी पुढे केली. मला त्या गर्दीत शरमही वाटली आणि रागही आला. इतक्या साध्या गोष्टीसाठी हा माणूस अख्खा बाजार पालथा घालणार, पण रेझर सोडणार नाही.

कबूल करायला हवं, ती जाळी उपयोगाची निघाली. एका पेल्यात ब्रश, एकात रेझर, एकात गरम पाणी, मग साबण, तुरटी, आणि सहाव्यात छोटा आरसा. कडीला धरून नाना सगळं गॅलरीत न्यायचे, तिथल्या कठड्यावर दोन्ही कोपरं रोवून दाढी करायचे. जखमा कमी झाल्या, बेसिन मोकळं झालं, मुलीचा ब्रश फ्रिजवरून खाली आला. फक्त जाळी नेताना पेले एकमेकांवर वाजायचे. सुरुवातीला हलके, मग स्वयंपाकघरात ऐकू येण्याइतके, मग शेजारच्या गॅलरीत. त्या आवाजावरून मला त्यांचा हात कळायला लागला आणि सकाळ माझ्या जिवावर यायला लागली. काही बोलायची सोय नव्हती. बोललं की शहागंजची फेरी ठरलेली.

एका सकाळी तो खडखडाट गॅलरीकडे गेलाच नाही. माझ्या खुर्चीपाशी येऊन थांबला.

"आज तू कर," नाना म्हणाले.

मला ऑफिसला उशीर होत होता आणि दुसऱ्याची दाढी मी आयुष्यात केली नव्हती. तरी त्यांना गॅलरीत स्टुलावर बसवलं. समोर उभं राहून पाहिलं तर पेल्यांची मांडणी बदललेली. ब्रश आणि रेझर त्यांच्या उजव्या हाताला असायचे, ते आता माझ्या उजव्या हाताला आले होते. म्हणजे हे आयत्या वेळी ठरलेलं नव्हतं. सहावा पेला रिकामा होता.

"नाना, आरसा कुठंय?"

"मला आता आरसा कशाला? तू समोर हायस ना. तुला दिसतंय तेवढं बास."

मी ब्रश गरम पाण्यात बुडवून फेस करायला घेतला. नाना लगेच सुरू झाले. फेस पातळ झाला, रेझर उलटा चालवतोस, मान कशाला पकडतोस. "दाबू नको. रेझरला सोताचं वजन आसतं." इतक्या सूचना ऐकल्यावर माझा हात न हलता तरच नवल. हनुवटीखाली कापलंच.

"कापलं ना शेवटी?" ते म्हणाले.

"कापलं नाय, निसटलं."

नाना इतके हसले की फेस त्यांच्या तोंडात गेला.

त्यानंतर रोज मीच करत होतो, आणि एकही दिवस त्यांनी बरी झाली म्हटलं नाही. दिवाळी झाली आणि नाना गेले. झोपेतच गेले.

दहाव्याला आम्ही कायगावला गोदाकाठी गेलो. न्हाव्यानं माझं डोकं केलं, दहा दिवसांची दाढी काढली. गालावर जरा लागलं तसा तो तुरटीसाठी रेक्झिनच्या पिशवीत हात घालून चाचपायला लागला. कात्री निघाली, कंगवा निघाला, तंबाखूची पुडी निघाली, मोबाइलचा चार्जर निघाला. तिकडे गुरुजी घाई करत होते. त्यानं अख्खी पिशवी वाळूवर पालथी केली. मला ते बघवेना.

"अरे, तुरटीला एक वेगळी डबी करावी माणसानं. दहा रुपयाला मिळते बाजारात," मी जोरातच म्हणालो. भाऊबंद माझ्याकडे बघायला लागले.

"डबी हाय की साहेब," तो म्हणाला. "तीच कुठं ठिवली ते सापडंना."

मला भयंकर वैताग आला. त्याचा, पिशवीचा, नानांचा, आणि हे ऐकायला ते तिथं नव्हते याचा सगळ्यात जास्त. "सामान जागेवर असलं की," मी सुरुवात केली आणि पुढचं मला बोलता येईना. न्हाव्यानं शोधणं थांबवलं, माझ्या ओल्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला.