बिलोरी पेल्यांचं शुद्धीकरण

काचेची भांडी कशी धुवावीत हे गिरगावात माझ्याइतकं कोणालाच कळत नाही. आमच्या घरात आज एकही काचेचं भांडं नाही, ही गोष्ट वेगळी.

हापिसातले आमचे साहेब विलायतेला परत निघाले तेव्हा त्यांनी मला सहा बिलोरी पेले दिले. धोतरात गुंडाळून, छातीशी धरून मी ते ट्राममधून ठाकूरद्वारला आणले (एका गृहस्थाने पोर झोपलंय समजून मला जागा दिली).

त्याच रविवारी माझी धाकटी बहीण मनू हिला पाहायला दादरहून तात्यासाहेब यायचे होते. मुलाचे वडील. मनू इंग्रजी शिकलेली, त्यात सतरावं लागलेलं. तेवढ्यावरून दोन स्थळं परत गेली होती आणि आईचं जेवणावरून मन उडालं होतं. तात्यासाहेब मात्र सुधारक, शाळेत पदार्थविज्ञान शिकवणारे. त्यांना सरबत बिलोरी पेल्यांतूनच द्यायचं, असं मी जाहीर करून टाकलं.

आई म्हणाली, "साहेब त्यातून काय काय प्यायला असेल, देव जाणे. पितळेला विस्तव दाखवून शुद्ध करता येतं. काचेला काय दाखवशील?"

"उकळतं पाणी," मी म्हणालो.

आई कबूल झाली. पेले शुद्ध होईपर्यंत स्वयंपाकघरात मात्र न्यायचे नाहीत, बाहेरच्या खोलीतच काय ते करायचं. इथवरच्या माझ्या कामगिरीचा मला आजही अभिमान आहे.

मोलकरणीला मी हात लावू दिला नाही. राख आणि काथ्या लागला की काचेला चरे पडतात, हे तिला (आणि वाडीतल्या आणखी चौघींना) ऐकवून मी स्वतः विहिरीवर बसलो. रिठ्याच्या फेसात एकेक पेला बोटांनी चोळला, नक्षीच्या खाचांतून जुन्या पंच्याचं टोक फिरवलं. थंडगार पाण्यातून काढले तेव्हा असे लखलखले की बायका घागरी भरायच्या थांबल्या! तसेच गार पेले आणून मी बाहेरच्या खोलीत पाटावर मांडले आणि चुलीवरचं आधण उचलून आणलं.

तेव्हा माझी बायको बोलली. सासूसमोर नवऱ्याशी बोलायची चोरी, म्हणून ती मनूशी बोलली. "वन्सं, तुमच्या दादांना सांगा, गार काचेत आधण ओतू नये."

मीही मनूलाच सांगितलं की, साहेबाचा बर्फ सोसलेली काच पाण्याला भीत नसते. आणि ओतलं.

टक्! पेल्याचे दोन तुकडे झाले.

"हा मुळातच सदोष होता," मी म्हणालो. ते सिद्ध करायला दुसऱ्यात ओतलं. तोही सदोष निघाला! तिसऱ्याच्या वेळी मनू म्हणाली, दादा, पुरे. पण तिथे थांबायचं म्हणजे पहिल्या दोघांचा दोष अंगावर घ्यायचा. तो मी का घ्यावा? तिसरा गेला, चौथा गेला. पाचव्यात मी पाणी अगदी हळू ओतलं (माघार नव्हे, केवळ जिज्ञासा). तो हळू फुटला.

मनू तुकडे सुपात गोळा करत होती, आणि नेमके तात्यासाहेब ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी दारात उभे! त्यांनी सुपाकडे पाहिलं, मनूकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मुलीच्या हातून फुटले वाटतं?"

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मोलकरणीचं नाव घेता आलं असतं, पण ती बिचारी राखेचा डबा घेऊन समोरच उभी होती. मनूचं तिसरं स्थळही माझ्या आधणापायी चाललं होतं. मला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की माझा आवाज चढतो.

"मी फोडले," मी ओरडूनच सांगितलं. "पाचही. ती थांबवत होती मला."

"पहिला फुटल्यावरही ओतत राहिलात?"

"पहिला सदोष होता."

तात्यासाहेबांनी पागोटं काढून बाजूला ठेवलं. दोष पेल्यांत नव्हता, माझ्या पद्धतीत होता, असं त्यांनी शाळेतल्या आवाजात समजावलं. पेल्यात पितळी पळी उभी करावी. उष्णता पळी ओढून घेते आणि काच वाचते. हे शास्त्र आहे. बायको मनूला पुन्हा काही सांगू पाहत होती, पण मनूने तिचा हात दाबला. तात्यासाहेबांनी सहावा पेला घेतला, पळी ठेवली, आधण ओतलं.

टक्!

मग मनू पुढे आली, त्यांच्या पायाजवळचे तुकडे उचलले, फरशी पुसली आणि चांदीच्या फुलपात्रातून सरबत आणून दिलं. चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. तात्यासाहेब सरबत पिईपर्यंत तिच्याकडे बघत राहिले.

"एवढं होऊन पोरगी हसली नाही," ते आईला म्हणाले. "माझ्या घरात हिचा निभाव लागेल."

लग्न झालं. मनूच्या शहाणपणामुळे जमलं, असं सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. तात्यासाहेब आणि मी सणावारी शेजारी जेवायला बसतो, आणि धर्म, सुधारणा, आमटीतला गूळ, कशावरच आमचं पटत नाही. एका बाबतीत मात्र दोन शिकल्या-सवरल्या माणसांचं संपूर्ण एकमत आहे: ते सहाही पेले मुळातच सदोष होते.