साहेबांचं हॉलंड राहिलं

विधान परिषदेचे एक आमदार माझ्या केबिनमध्ये थर्मलची पँट कमरेला लावून बघत होते, तेवढ्यात मुंबईहून फोन आला.

मी शहराच्या छावणी भागात ट्रॅव्हल एजन्सी चालवतो. आमदारांच्या एका समितीचं हॉलंडचं बुकिंग माझ्याकडं होतं. अभ्यासाचा विषय पाणी नियोजन. आमच्या शहरात नळाला पाणी आलं की लोक एकमेकांना फोन करून कळवतात, त्यामुळं विषयाला माझी हरकत नव्हती.

फोनवर समितीचे अधिकारी होते. "नवा नियम आलाय. मुदत संपत आलेल्या सदस्यांना सरकारी खर्चानं परदेश नाही. तुमच्या गावच्या साहेबांचं नाव काढा, बाकीची तिकिटं आजच इश्यू करा."

ग्रुप बुकिंगमध्ये तिकीट इश्यू होईपर्यंत नाव काढता येतं. नंतर काढलं तर भाडं बुडतं.

साहेब म्हणजे समोर पँट लावून बघणारे तेच आमदार. मी त्यांना सांगितलं. त्यांची मुदत दोनेक महिन्यांत संपत होती आणि पक्षानं उमेदवारी दुसऱ्यालाच दिली होती.

"मुश्ताकभाई, मी आज आमदार आहे का नाय?"

"आहात ना साहेब."

"मग अभ्यास करायचा नाय व्हय?"

"करा की. पण येऊन मांडणार कुठं?"

तोंडातून निसटलंच. साहेब लालेलाल झाले. "तू तिकीट इश्यू करून टाक. मग कोण काढतंय बघू! नायतर तुझ्या दुकानाच्या पायऱ्या रस्त्यावर आल्यात, ध्यानात आहे माझ्या."

पायऱ्या खरंच रस्त्यावर आल्यात. पण त्यांचं तिकीट इश्यू केलं असतं तर सरकारी काम कायमचं गेलं असतं. मी त्यांच्यासमोरच नाव काढलं.

शेजारी वहिनी बसल्या होत्या, साहेबांच्या मिसेस. त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, घरच्या पैशानं जाऊ की. पडेगावचा प्लॉट आत्ताच विकला ना? मुश्ताकभाई, आमच्या दोघांचं सांगा."

मी आकडा सांगितला. साहेबांनी थर्मलची पँट घडी घालून टेबलावर ठेवली.

"तिथं थंडी लई असती," ते शेवटी म्हणाले. "अन् पाणी काय, सगळीकडं सारखंच."

"मग माझं अन् धाकट्या बहिणीचं काढा," वहिनी म्हणाल्या.

दोघी जाऊन आल्या. समुद्र कसा अडवलाय, ते वहिनींनी मला फोटो दाखवून नीट समजावलं. समितीनं काय पाहिलं, ते अजून कुणाला कळलेलं नाही. पायऱ्यांना कुणी हात लावला नाही.

आता कुणी अभ्यासदौरा म्हटलं की मी एवढंच विचारतो, बिल कुणाच्या नावावर? अभ्यासाची गरज किती आहे, ते लगेच कळतं.